लाईट रेलचा पहिला टप्पा कुठून सुरू करायचा?

[समोर कागदी नकाशा, हातात मार्कर]

नमस्कार! हा एका शहराच्या लाईट रेलचा, म्हणजे ट्रामसारख्या हलक्या रेल्वेचा नकाशा. पाच रंगांच्या पाच रेघा. सगळ्या एका दमात बांधणं कुणालाच परवडत नाही. मग सुरुवात कुठून? बहुतेकांचं बोट थेट सगळ्यात गर्दीच्या रस्त्यावर जातं. मी आधी विचारतो, डेपो कुठाय?

गाड्या रात्री कुठेतरी उभ्या राहणार, धुतल्या जाणार. जोरात ब्रेक लागला की चाक एका जागी घासून सपाट होतं आणि गाडी धावताना ठक-ठक वाजत राहते. ते चाक लेथवर पुन्हा गोल करायचं कुठे? डेपोत. तिथपर्यंत रूळ नसेल, तर गर्दीचा मार्ग बांधून झाला तरी नुसता पडून राहणार.

सिअ‍ॅटलचं बघा. तिथे तलावावरच्या तरंगत्या पुलावरून गाडी न्यायची होती. त्या पट्ट्यात रुळांखालचं काँक्रीट सदोष निघालं, काम पुन्हा करावं लागलं. तरी एप्रिल 2024 मध्ये पलीकडच्या काठावरची आठ स्थानकं सुरू झाली, मूळ जाळ्याला न जोडताच! कारण त्याच काठावरच्या बेलव्ह्यूमध्ये वेगळा डेपो तयार होता.

आता हा मधला भाग, जिथे पाचही रेघा एकत्र येतात. प्रत्येक मार्गावर दर सहा मिनिटांनी गाडी धरा. म्हणजे इथून एका दिशेला तासाला 50 गाड्या, दर 72 सेकंदांना एक. त्यात सिग्नल, चढणारी-उतरणारी माणसं. मँचेस्टरला 1992 मध्ये शहराच्या मध्यातून एकच मार्ग होता. फाटे वाढत गेले, तो तुंबला आणि 2017 मध्ये दुसरा मार्ग उघडावा लागला.

राहिलं जमिनीखालचं, आणि माझ्या मते वेळापत्रकाची खरी वाट इथेच लागते. रुळांखाली पाण्याची पाईप ठेवली तर ती फुटल्यावर गाड्याच बंद. म्हणून आधी सगळं बाजूला हलवायचं. खणल्यावर मात्र जुन्या नकाशात नसलेल्या केबल निघतात, हे ठरलेलंच!

एडिंबराला याच कामाने घोळ घातला. कंत्राटदाराशी वाद, फुगलेला खर्च. न्यूहेवनपर्यंत न्यायची ठरलेली ट्राम 2014 मध्ये सुरू झाली ती अलीकडच्या यॉर्क प्लेसपर्यंतच. गाड्या मात्र पूर्ण मार्गाच्या हिशेबाने घेतलेल्या, 27. थोड्या मार्गावर जास्त गाड्या, लोक चिडणारच. पण 2023 मध्ये न्यूहेवनचा टप्पा सुरू झाला तेव्हा एकही नवी गाडी घ्यावी लागली नाही.

आणि यॉर्क प्लेसचा तो थांबा? काढून टाकला. जवळच पिकार्डी प्लेसला नवा बांधला.