एयूआरचं पॅकेज फुटलं? सिमलिंक लावू नका, रीबिल्ड करा

नमस्कार मंडळी! "आर्च अपडेट केलं आणि एक प्रोग्रॅम उघडेना" ही कमेंट इतक्या वेळा आली आहे की आज फक्त त्यावरच बोलतो. नवीन मंडळींसाठी: आर्च म्हणजे आर्च लिनक्स, एयूआर म्हणजे त्यासाठी युजर्सनी टाकलेल्या पॅकेज बनवायच्या कृतींचा साठा, सिमलिंक म्हणजे एका नावावरून दुसऱ्या फाइलकडे नेणारी खूण, आणि रीबिल्ड म्हणजे प्रोग्रॅम पुन्हा बनवणं.

बेसिक पटकन. रोलिंग रिलीजमध्ये पॅकेजं येतच राहतात, त्यामुळे आर्चच्या पॅकेज मॅनेजरने, म्हणजे पॅकमनने, अपडेट नेहमी पूर्ण करायचं: पॅकमन -एसवाययू. नुसतं -एसवाय करून, म्हणजे फक्त पॅकेजांची यादी ताजी करून, एखादं पॅकेज टाकायचं नाही, अर्धवट अपडेटला आर्चचा सपोर्टच नाही. झालं, पुढे.

मध्यंतरी कळव्याचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन नौपाड्यात माझ्या घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याचं सबमिशन होतं. "दादा, एयूआरवरून घेतलेला प्रोग्रॅम उघडतच नाही." टर्मिनलमधून चालवला तर एरर आली, यू_स्ट्रलेन_७५ हे सिंबॉल, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनचं नाव, सापडत नाही. मी विचारलं, "सिमलिंक लावलीस का रे?" तो गप्प.

[स्क्रीनवर: एलडीडीचं, म्हणजे प्रोग्रॅमला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणाऱ्या कमांडचं, आउटपुट]

झालं होतं असं. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड. आयसीयू ही युनिकोड सांभाळणारी लायब्ररी ७५ वरून ७६ वर गेली. प्रोग्रॅम बिल्ड होताना त्याच्या पोटात लायब्ररीचं नाव लिहिलं जातं, 'लिबआयसीयूयूसी.एसओ.७५'. अपडेटनंतर डिस्कवर ती फाइलच नाही, फक्त ७६ आहे. मग त्याने कुठेतरी वाचून ७५ नावाची सिमलिंक ७६ कडे वळवली.

कृपा करून हे करू नका. आयसीयू आपल्या फंक्शनच्या नावांनाच व्हर्जनचा आकडा जोडते. प्रोग्रॅम मागतो यू_स्ट्रलेन_७५, लायब्ररीत आहे यू_स्ट्रलेन_७६. फाइलचं नाव बदललं म्हणून आतली नावं बदलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या एका लायब्ररीला सिमलिंक चालली होती. ते तर जास्त वाईट! एसओपुढचा आकडा बदलतो तो बहुतेकदा आतली मांडणी बदलली म्हणूनच. नवीन डब्याला जुनं झाकण लावलं की बसल्यासारखं दिसतं आणि लोकलमध्ये मुलुंड येईपर्यंत डाळ पिशवीत सांडलेली असते. प्रोग्रॅम सुरू होतो, मग मध्येच क्रॅश होतो किंवा तुमची फाइल चुकीची सेव्ह करतो. उघडला नसता तर निदान कळलं तरी असतं.

तिसरी गोष्ट, ती सिमलिंक कुठल्याच पॅकेजच्या मालकीची नसते, त्यामुळे पॅकमन ती कधीच काढत नाही. उद्या त्याच नावाची खरी फाइल आणणारं पॅकेज टाकायला गेलात की पॅकमन थांबतो: फाइल आधीपासून आहे. तोवर ती तुम्हीच लावली होती हे तुम्ही विसरलेले असता. म्हणून सिमलिंक नको.

इथे एका कमेंटबद्दल बोलायलाच हवं. "व्हर्जन तेच आहे, मग पुन्हा एवढं डाउनलोड कशाला?" असं बरेच जण चिडून लिहितात. हायफननंतरचा आकडा बघा, -१ चा -२ झालेला असतो. तो पीकेजीरेल. प्रोग्रॅम तोच, पण नव्या लायब्ररीवर पुन्हा बिल्ड केलेला. लायब्ररी बदलली की आर्चचे मेंटेनर तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजं आधी स्टेजिंगमध्ये, म्हणजे बाजूला ठेवलेल्या वेगळ्या रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात), रीबिल्ड करतात आणि मग सगळी एकत्र पुढे सरकवतात. हे लोक स्वतःचा वेळ देऊन हे काम करतात. त्या डाउनलोडवर चिडू नका, त्याच्यामुळेच तुमचा डेस्कटॉप उघडतो.

एयूआरच्या पॅकेजांसाठी मात्र हे कोणी करत नाही. ती तुमच्या मशीनवर बिल्ड झाली, तर रीबिल्डही तुम्हीच करायचं.

कसं? आधी पूर्ण अपडेट. मग पॅकमन -क्यूएम, म्हणजे आर्चच्या रिपॉझिटरीबाहेरच्या पॅकेजांची यादी मिळते. संशय असेल त्या बायनरीवर एलडीडी चालवा आणि 'नॉट फाउंड' शोधा. किंवा रीबिल्ड-डिटेक्टर टाका, त्यातली चेकरीबिल्ड कमांड यादीच देते. पायथॉन बदललं की, उदाहरणार्थ ३.१२ चं ३.१३ झालं की, पॅकमन -क्यूओ करून /यूएसआर/लिब/पायथॉन३.१२ हा फोल्डर विचारा. जी नावं येतील ती जुन्या पायथॉनसाठी बिल्ड झालेली.

आता इथे बरेच जण अडकतात. व्हर्जन तेच असतं, त्यामुळे मेकपीकेजी, म्हणजे पॅकेज बनवणारी कमांड, म्हणते पॅकेज आधीच बनलंय. म्हणून -एफ द्या. येय, म्हणजे एयूआरची पॅकेजं बनवून बसवणारा प्रोग्रॅम, वापरत असाल तर --रीबिल्ड द्या, नाहीतर तो कॅशमधलं जुनंच पॅकेज पुन्हा बसवू शकतो आणि तुम्ही म्हणाल रीबिल्ड करूनही चालत नाही. एयूआरचीच एखादी लायब्ररी मध्ये असेल तर आधी ती, मग तिच्यावरचा प्रोग्रॅम.

त्या मुलाची सिमलिंक काढली, दोन पॅकेजं या क्रमाने रीबिल्ड केली, आणि चहा संपायच्या आत प्रोग्रॅम उघडला.

तुमचं अडलं असेल तर कमेंटमध्ये नुसतं 'चालत नाही' लिहू नका, एलडीडीमधली 'नॉट फाउंड'ची ओळ टाका. मी एकेक बघतो.