घर झाडावर, भार जमिनीवर

(दृश्य : सत्तरी तालुक्यातला एक डोंगरउतार. खाली पोफळीचं कुळागर, वर ऐन-किंदळाचं रान, मधे शेवाळलेला गडगा, म्हणजे दगडी बांध.)

गोव्याचा किनारा भरून गेला, तसा पाहुणा डोंगराकडे वळू लागला. सत्तरी, सांगे, काणकोण. समुद्र नको, रान दाखवा, असं म्हणणारा हा पाहुणा पैसे मोजायला तयार असतो. त्याला काय हवं तेही ठरलेलं आहे : झाडावर खोली, समोर काचेची भिंत, आत पांढराशुभ्र बिछाना आणि जमलं तर पानांत बसून आंघोळ करायला टब. वर पाटी, ‘निसर्गस्नेही’. पाटी रंगवायला एक दुपार पुरते.

या फिल्ममध्ये आपण असंच एक घर कागदावर उभं करणार आहोत. दोन माणसांचं, तीस चौरस मीटरचं, महागडं म्हणावं असं. मात्र आराखडा बिछान्यापासून सुरू होणार नाही. घर निसर्गाला झेपणारं आहे की नाही, हे पायाखालच्या फळ्यांच्या खाली ठरतं : मुळांत, मातीत आणि सांडपाण्यात.

(दृश्य : गडग्यावरून सरकत कॅमेरा कुळागरात उतरतो. पाटाचं पाणी.)

पहिला प्रश्न, घर बांधायचं कुठे? रानात, हे उत्तर बाद. सत्तरीतलं म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं. तिथे खासगी खोलीचा विचारच नको. पण अभयारण्याबाहेरची जमीन आपल्या नावावर आहे म्हणून मोकळीक मिळते, असंही नाही. १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे, जमीन कुणाच्याही मालकीची असो, तिच्यावर जंगल असेल तर ते जंगलच. गोव्यात खासगी वन ओळखायला जे निकष लावले गेले, ते असे : सलग पाच हेक्टर क्षेत्र, पंचाहत्तर टक्के झाडं रानातल्या जातींची आणि छत्राची घनता ०.४ किंवा जास्त, म्हणजे निदान चाळीस टक्के जमीन झाडांच्या पानोळ्याने झाकलेली. यात बसणाऱ्या जमिनीवर कुणी झाडावरच्या घराचा नकाशा घेऊन आला, तर त्याला चहा द्यावा आणि परत पाठवावं.

म्हणून आपली जागा गडग्याच्या अलीकडे. कुळागराच्या वरच्या कडेला, जिथे माणसाचा हात पिढ्यान्‌पिढ्या फिरलेला आहे. कुळागर म्हणजे मजल्यांची शेती. सगळ्यांत वर माड, मग पोफळ, पोफळीला चढलेली मिरवेल, खाली जायफळ, केळ, अननस आणि तळाशी पाट. झाडांच्या मजल्यांमधून राहायचंच आहे, तर इथे ते मजले आयते आहेत. रान समोर दिसतं, पण आपण त्यात घुसलेलो नसतो. परवानग्या इथेही लागतात. झाड तोडायचं तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली आधी मंजुरी घ्यावी लागते. आपल्या आराखड्यात मात्र तोडायचं झाड एकही नाही.

(दृश्य : ऐनाच्या खोडाचा जवळून शॉट. साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली. एका भेगेतून हुमल्यांची, म्हणजे लाल मुंग्यांची रांग.)

आता झाड. माड सरळ असतो, पण तो भार घ्यायचं झाड नव्हे. त्याच्या खोडाला भोक पडलं तर ते कधीच भरून येत नाही. जखमेवर नवं लाकूड चढवणारा थरच त्याला नसतो. शिवाय वरून नारळ पडतात, आणि पाहुण्याचं डोकं विम्यात बसवणं कठीण. सावरीचं लाकूड मऊ. काजू पसरट आणि ठिसूळ, फांदी सहज फाटते. उरतात ऐन, किंदळ, आंबा, फणस. ऐन म्हणजे आपली माट्टी, गोव्याचा राज्यवृक्ष. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी टांगतात, तिला जिची पंखवाली फळं बांधतात, तीच. लाकूड टणक, मुळं घट्ट. परदेशातला झाडघर बांधणारा हिच्याकडे बघून खूश होईल आणि ड्रिल काढेल.

ड्रिल बघून लगेच अंगावर काटा यायला नको. झाडाला खिळे मारू नका, दोरीने बांधा, असं सांगणारे बरेच भेटतात. उलट आहे. अन्न वाहून नेणारा थर सालीच्या लगेच आत असतो, आणि दोरी किंवा तारेचा वेढा दरवर्षी जाड होणाऱ्या खोडाला आवळत जातो. मुळांकडे जाणारं अन्न अडतं, झाड हळूहळू उपाशी मरतं. एकच जाडजूड पोलादी बोल्ट थेट आतल्या लाकडात गेला, तर झाड त्या जखमेभोवती भिंत घालतं, कुजणं तिथेच कोंडून ठेवतं. अमेरिकी वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. ओरेगॉनमधल्या कारागिरांनी नव्वदच्या दशकात असे खास बोल्ट घडवले आणि झाडघरांचा धंदा मोठा झाला.

तरी आपल्या झाडाला मी बोल्ट लावणार नाही. कारण वजन. राहत्या खोलीसाठी आपली मानकं चौरस मीटरमागे साधारण दोनशे किलोचा वापराचा भार धरायला सांगतात. तीस चौरस मीटरला झाले सहा टन. त्यात घराचं स्वतःचं वजन, आणि टब हवाच असेल तर त्यातलं तीनशे लिटर पाणी, म्हणजे तीनशे किलो. वर वारा. गोव्यासाठी मानकांत धरलेला मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, ताशी एकशेचाळीस किलोमीटर. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा गोव्यात किती झाडं आडवी झाली ते रस्त्यांवर अडकलेल्यांना विचारा. वाऱ्यात झाड वाकतं म्हणून टिकतं. त्याच्या खांद्यावर भिंती, काचा आणि नळ बसवले की ते मोकळेपणी वाकू शकत नाही. मुलांच्या खेळातलं मचाण ठीक आहे. आंघोळघर असलेली खोली नको.

(दृश्य : कागदावर पेन्सिल. उतार, त्यावर तिरके खांब, वर चौकोन.)

म्हणजे घर स्वतःच्या पायांवर उभं राहणार, झाडांच्या मधोमध. इथे दुसरी अडचण येते, ती मुळांची. झाडाची मुळं खोल विहिरीसारखी खाली जातात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक करून वरच्या हात-दीड हात मातीत असतात आणि छत्राच्याही पलीकडे पसरतात. एक ढोबळ नियम आहे : खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ आखा आणि त्याला हात लावू नका. साठ सेंटिमीटर व्यासाच्या माट्टीला हे वर्तुळ सुमारे सव्वासात मीटर त्रिज्येचं होतं. त्यात काँक्रीटचा चौथरा, खडीचा ढीग, ट्रकचं चाक, काहीही चालत नाही. माती एकदा चेपली की मुळांना हवा मिळत नाही. झाड पाच-सात वर्षांनी शेंड्याकडून सुकायला लागतं आणि तोवर ठेकेदार बिल घेऊन गेलेला असतो.

म्हणून वर्तुळं आधी आखायची आणि उरलेल्या जागेत पाय रोवायचे. चार-पाच जागा मिळतात. त्या प्रत्येक जागेतून दोन-तीन तिरके पोलादी खांब निघून वर पसरतात. खाली चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा कठीण थर आहेच, त्यात बारीक भोक पाडून सळई आणि थोडंसं काँक्रीट, बस्स. खड्डे यंत्राने नाही, कुदळीने. मनगटाएवढं मूळ लागलं तर खड्डा सरकवायचा, मूळ तोडायचं नाही. मेस्त वैतागतो. ‘अहो, असं मुळांना विचारून बांधायचं तर कधी संपायचं?’ प्रश्न वाजवी आहे. त्याची मजुरी दिवसावर ठरवावी, नगावर नको.

उताराचा एक फायदा आहे. वरच्या बाजूने सरळ पूल टाकला की जिना लागतच नाही. पाहुणा जमिनीवरून चालत येतो आणि दाराशी पोचेपर्यंत खाली सहा मीटरची पोकळी झालेली असते. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांनाही झाडावर राहता येतं.

(दृश्य : जुलै. खोडावरून वाहणारं पाणी.)

खोलीतून आरपार गेलेलं खोड फोटोत फार छान दिसतं. पावसाळ्यात एकदा असं खोड बघावं. वरच्या सगळ्या फांद्यांवरचं पाणी गोळा होऊन बुंध्यावरून ओहोळासारखं खाली येतं. छपरातल्या त्या भोकाला कितीही रबर लावा, पाणी बिछान्यापर्यंत पोचणार. आपलं खोड खोलीत नाही, बाहेरच्या सज्ज्यात येईल, आणि तिथेही भोवती वीतभर मोकळी जागा सोडून. झाड वाढतं आणि डुलतं, दोन्हींसाठी.

छप्पर मात्र कौलारू घराकडून शिकायचं. उभं पाखं, लांब वळचण. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त, आणि तो सरळ पडत नाही. झड आत येते. म्हणून पश्चिमेला पूर्वी पडवीला बांधत तसे झाप किंवा बांबूचे उघडमीट पडदे. चाळीस चौरस मीटरच्या छपरावर एका वर्षात एक लाख वीस हजार लिटर पाणी कोसळतं. पागोळ्या एकाच रेषेत पडू दिल्या तर दोन पावसांत मुळांवरची माती धुऊन जाईल. पन्हळ, टाकी, आणि टाकी भरल्यावर जास्तीचं पाणी दगडगोट्यांच्या चरात. टाकी वर नको, उतारावर जमिनीलगत. हजार लिटर म्हणजे एक टन.

सामानाबद्दल थोडक्यात. माणगा बांबू आपल्याकडचाच, बिनकाट्यांचा आणि बराचसा भरीव. पावसाळा सरल्यावर तोडलेला आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवलेला घ्यावा, नाहीतर भुंगा वर्षभरात त्याचं पीठ करतो. वाशांना काजूच्या टरफलाचं तेल. रंग काळा येतो, पण वाळवी लांब राहते. लाकूड शक्यतो मोडलेल्या जुन्या घरांचं. शिंपल्यांची तावदानंही तिथलीच मिळाली तर लावावीत, नवे शिंपले काढायला लावू नयेत.

(दृश्य : संध्याकाळ. कुळागराखालची झर, तिच्यात केळीचं पान.)

आता ज्याचा फोटो कुणी काढत नाही ते. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब. ऐषआरामात तो सहज वाढतो. हे सगळं पाणी साबण, शांपू आणि मैला घेऊन खाली जातं. चिऱ्याचा दगड भोकाभोकांचा. शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून वाट काढतं आणि खाली झर असते. त्या झरीवर कुणाचं तरी घर पाणी भरतं. अशी एखादी झर बिघडली, तर वरच्या घराने किती बांबू वापरला याला काही अर्थ नाही. मैल्यासाठी बायो-डायजेस्टर टाकी. उंच बर्फाळ चौक्यांवरच्या जवानांसाठी डीआरडीओने विकसित केलेलं हे जिवाणूंचं तंत्र आता सर्रास मिळतं. तिथून निघालेलं पाणी खडी-वाळूच्या वाफ्यात, वाफ्यात कर्दळ. तिथून केळीच्या आळ्यात. पाटात नाही आणि झरीच्या बाजूला तर अजिबात नाही. आपल्या खर्चाच्या यादीत ही ओळ टबाच्या वर असेल. पैसे कमी पडले तर टब जाईल.

उजेडाचंही तसंच. मे संपता संपता काजव्यांची झाडं लागतात. पाहुणा तेच बघायला आलेला असतो आणि आपण सज्ज्यावर पांढरे दिवे लावून ते घालवतो. दिवे पिवळे, मंद, खाली तोंड केलेले. सौर पट्ट्या झाडीखाली कामाच्या नाहीत. त्या खळ्यावर, मोकळ्या उन्हात. काचेच्या मोठ्या भिंतीला माझा विरोध आहे. पाचू कवडा रानातून वेगाने, खालून उडतो आणि काचेतलं रान खरं समजून आपटतो. त्या जागी बारीक जाळी आणि लाकडी झडपा लावल्या तर वाराही मिळतो. बंद खोलीत जुलैमध्ये उशीलासुद्धा बुरशी येते.

वाटेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडींमुळे होतो, आणि त्यांचा जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका पर्यटनाचा हंगाम. म्हणून वाट जमिनीपासून गुडघाभर उंच फळ्यांची. पाय पाचोळ्याला लागत नाहीत, खालची माती चेपत नाही. एकाच खर्चात दोन कामं. जवळपास माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं, हे खोलीतल्या माहितीपत्रकात न्याहारीच्या वेळेच्या वर छापलेलं असावं.

(दृश्य : आराखडा पूर्ण. पाच पाय, पूल, उभं छप्पर, बाजूला माट्टी.)

बांधकाम नोव्हेंबर ते एप्रिल. सगळे जोड बोल्टचे, म्हणजे उद्या घर नको झालं तर उलगडून नेता येईल. दर मे महिन्यात पन्हळी साफ करायच्या, बांबूला तेल द्यायचं, सज्ज्यातली खोडाभोवतीची फट मोजायची आणि झाड जाड झालं असेल तर फळ्या मागे कापायच्या. ऑक्टोबरात खांबांचा गंज आणि कर्दळीचा वाफा बघायचा. एवढं करायला वर्षातून दोनदा खोली आठवडाभर बंद ठेवावी लागते. भाड्याचा हिशेब मांडतानाच ते दोन आठवडे वजा करावेत.