मशीन तीच, नियम उलटे: घरी कुत्र्याचे अन् गुरांचे केस कापताना

नमस्कार मंडळी. मागच्यांना आवाज येतोय नं? कुत्रेवाले इकडे अन् गोठेवाले तिकडे बसलेत ते दिसतंय मला, पण आज दोघांनी एकमेकांचं ऐकावं म्हणूनच एकत्र बोलावलंय. मी दोन्हीकडे काम करते, सकाळी गोठ्यात अन् दुपारून फ्लॅटमध्ये, अन् होळी झाली की दोन्हीकडे एकच वाक्य कानावर येतं, ताई ऊन वाढलं, जनावर तापतंय, सगळे केस काढून टाका. म्हशीच्या बाबतीत हे बरोबर आहे. स्पिट्झ, जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, हस्की यांच्या बाबतीत हे चूक आहे, अन् त्या चुकीची किंमत ते मुकं जनावर पूर्ण उन्हाळाभर मोजतं.

असं उलटं काहून, ते आधी समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

म्हशीला घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा खूप कमी असतात आणि कातडं काळं, म्हणजे ऊन सगळं आत ओढून घेणारं. म्हणून ती डबक्यात जाऊन बसते. अंगावर पाणी पडलं, ते वाऱ्याने वाळलं, की वाळताना आतली उष्णता घेऊन जातं, हाच तिचा कूलर. आता अंगावर दाट केस असले, त्यात शेणाचे पोपडे धरलेले असले, तर तुम्ही पाइपाने कितीही पाणी मारा, ते कातडीपर्यंत धड पोचतच नाही. केस काढले की पोचतं. आणि त्याच काळ्या कातडीत रंगद्रव्य भरपूर असल्यामुळे उन्हाने भाजण्यापासून तिला थोडं संरक्षण असतं. थोडं म्हणतेय मी, भादरलेली म्हैस दुपारी उघड्यावर बांधायची नाही, सावली आणि पाणी हे पाहिजेच.

कुत्र्याचं वेगळं. त्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या गादीला, बाकी तो थंड होतो जीभ बाहेर काढून धापा टाकून. मग अंगावरचे केस काढून घाम वाळायचा प्रश्न येतोच कुठे? उलट या जातींना केसांचे दोन थर असतात, वरून लांब राठ केस आणि खाली मऊ लोकरीसारखा थर, दोन्हींमध्ये हवा धरून राहते आणि बाहेरची झळ आत यायला अडते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आपण गाडीवर निघताना डोक्याला कानाला दुपट्टा गुंडाळतो नं, तेच काम तो थर करतो. तो तुम्ही झिरो मशीनने उतरवला की खालची गुलाबी नाजूक कातडी सरळ उन्हात, गॅलरीतल्या फरशीवर. आणि पुढची गोष्ट लोकांना कोणी सांगत नाही, ते केस जसे होते तसे परत येतीलच याची गॅरंटी नाही. आधी खालची लोकर येते, वरचे राठ केस मागे राहतात, मधे मधे चट्टे, कधी सहा महिने, कधी वर्ष, कधी त्याहून जास्त. आपल्याकडे ज्याला सगळे पॉमेरियन म्हणतात त्या पांढऱ्या स्पिट्झला दरवर्षी लायन कट, म्हणजे मानेभोवती केस ठेवून बाकी अंग भादरणं, मारून आणणारी घरं आहेत, त्यांना मी हात जोडून सांगते, नका करू. फोटो छान येतो, कुत्र्याला काही मिळत नाही.

मग त्याचं करायचं काय, तर झडणारी लोकर बाहेर काढायची. वर्षातून साधारण दोनदा ती मोठ्या प्रमाणात सुटते, तेव्हा आतल्या थरासाठी दाताचा रेक मिळतो तो घ्या, थोडे थोडे केस वर उचलून मुळापासून टोकाकडे विंचरा, आणि शेवटी स्टीलचा कंगवा फिरवून बघा. कंगवा कातडीला लागून न अडकता गेला तर काम झालं. वरवर ब्रश मारलेला कुत्रा दिसतो चकाचक, पण आत लोकर तशीच दाबून बसलेली असते, अन् खरं गरम त्या दाबलेल्या लोकरीने होतं.

शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल यांना हा नियम लागत नाही बरं का. यांचे केस वाढतच राहतात, ते कापावेच लागतात, फक्त अर्धा इंच तरी अंगावर ठेवा.

आता या लांब केसवाल्यांची एक गोष्ट जरा जवळून दाखवते. कानाच्या मागे हात घाला, कान जिथे डोक्याला जोडलेला असतो तिथे. मऊ मऊ लागायला पाहिजे, पण बऱ्याच कुत्र्यांना तिथे नमद्यासारखी चपटी गाठ लागते. पट्ट्याखाली, काखेत, मागच्या मांडीच्या आतल्या बाजूलाही. ही गाठ कातडीला ओढून धरते, कुत्रा मान हलवतो तेव्हा ती दुखते, म्हणून तो हात लावू देत नाही अन् आपण म्हणतो चिडका झालाय. इथे लोक कैची घेतात आणि गाठ बोटात उचलून खालून कापतात. घात तिथेच होतो, गाठ उचलली की तिच्यासोबत कातडी पण वर आलेली असते, केसात दिसत नाही, अन् कैची सरळ कातडीतून जाते. तसं करू नका. गाठीच्या अन् कातडीच्या मधे कंगवा सरकवून बघा. सरकला तर गाठीला कॉर्नफ्लोअर चोळा, बोटाने टोकाकडून फोडत फोडत मोकळी करा. नाही सरकला तर १० नंबरचं ब्लेड कातडीला आडवं टेकवून गाठीच्या खालून हळू न्या, तेवढी जागा उघडी पडेल, पडू द्या. आणि गाठ असताना आंघोळ घालू नका, पाणी लागलं की ती आणखी आवळते. अंगभर गाठी असतील तर घरी झुंजू नका, नागपुरात सेमिनरी हिल्सला आपलं व्हेटरनरी कॉलेज आहे, १९५८ पासूनचं, तिथे किंवा तुमच्या डॉक्टरकडे न्या. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या अंदाजाने देऊ नका, जीव जाऊ शकतो.

ब्लेडचे नंबर लोकांना फसवतात. नंबर जितका मोठा तितके केस बारीक राहतात. १० नंबर साधारण दीड मिलिमीटर ठेवतो, ७ नंबर तीन, ४ नंबर नऊ-साडेनऊ, अन् ४० नंबर ऑपरेशनच्या आधी वापरतात तो, पाव मिलिमीटर, घरात त्याचं काहीच काम नाही. पप्पांचा दाढीचा ट्रिमर पण नको, मोटर दमते, केस धरून ओढते आणि ब्लेड तापतं. चांगल्या मशीनचंही ब्लेड तापतंच, म्हणून दर चार-पाच मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्याला बसतोच. थांबा, तेलाचा थेंब टाका, गार होऊ द्या. कानाची कड, काख, मांडी अन् पोटाच्या मधली ती पातळ घडी, इथे कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरल्याशिवाय मशीन लावायची नाही.

गोठेवाले कंटाळले असतील, येते तुमच्याकडे. म्हैस भादरायची तर होळीनंतर, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नाही. आधी खरारा करून शेण-माती काढा, धुवा, अन् पूर्ण वाळू द्या, ओल्या मळक्या केसात ब्लेड अर्ध्या तासात बोथट होतं. गोठ्याची जमीन ओली आणि मशीन वायरची, हे कधी नको, चार्जिंगची मशीन घ्या किंवा कोरड्या जागी बांधा. नवीन म्हशीला दोन-तीन दिवस नुसती मशीन चालू करून बाजूला उभं राहा, वैरण टाका, आवाजाची सवय होऊ द्या. दावं आखूड बांधा, डोक्याशी रोज दूध काढणारा माणूस उभा करा, त्याच्या आवाजाने ती निम्मी शांत होते. खांद्यापासून सुरुवात, केसांच्या उलट दिशेने, कास सगळ्यात शेवटी. कासेचे केस कापायचेच, कारण तिथे चिकटलेलं शेण धार काढताना सरळ भांड्यात पडतं. शेपटीचा गोंडा मात्र ठेवा, जमिनीला घासतो तेवढाच कापा, माश्या हाकलायला तिच्याजवळ तेवढंच हत्यार आहे. गाभण म्हैस शेवटच्या महिन्या-दोन महिन्यांत असेल तर राहू द्या. तेल लावायचं तर संध्याकाळी, हलक्या हाताने, दुपारी लावलं की धूळ चिकटते.

वगारींच्या, म्हणजे म्हशीच्या पिल्लांच्या, अंगावर केस दाट असतात, त्यात उवा होतात आणि खाऊन-पिऊनही वासरू वाळत जातं. केस काढले की उवा दिसतात अन् औषध नीट लागतं.

आपली गवळाऊ गाय किंवा बेरारी शेळी यांना मशीनची गरज नाही, आखूड केस आहेत, खरारा पुरे. बैलाला पण तेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांद शेकतो, हळद-तूप लावतो, आज आवतण घ्या उद्या जेवायला या म्हणतो, तेव्हा जुवाखालची कातडी बोटांनी चाचपून बघा, केस घासून गेलेत का, गाठ आहे का, जखम आहे का. खूप प्रेमाने होणारं काम आहे ते, पण वर्षातून एकदाच होतं, महिन्यातून एकदा व्हायला पाहिजे.

गोचीड हा दोन्ही पार्ट्यांचा प्रश्न. केस कमी केले की सापडतात लवकर, एवढाच फायदा, केस कापून गोचीड जात नाहीत. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायचा, बोटांनी चिरडायचा नाही, रॉकेल-माचीस तर बिलकुल नाही. कुत्र्यावरचे गोचीड भिंतीच्या फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालतात, म्हणून फटी बुजवा. अन् गोठ्यात फवारायचं औषध अंदाजाने कुत्र्यावर मारू नका, मांजराला तर परमेथ्रिन हे कीटकनाशक जीवावर बेततं. नुकतेच केस कापलेल्या अंगावर त्याच दिवशी कुठलंच औषध नको, बारीक ओरखडे असतात, आग होते.

शेवटचं, ब्लेड. २०२२ मध्ये गुरांचा लम्पी त्वचारोग आला तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं, एका गोठ्यातून दुसऱ्यात आजार कसा जातो ते. माश्या-डासांना आपण थांबवू शकत नाही पण मशीन आपल्या हातात आहे. ताप असलेल्या, अंगावर गाठी किंवा गोल चट्टे असलेल्या जनावराला मशीन लावायचीच नाही, गजकर्ण ब्लेडमधून अन् ब्रशमधून पसरतं, माणसालाही होतं. शेजाऱ्याची मशीन आणली तर आधी केस झाडा, ब्लेड काढून जंतुनाशकाने धुवा, वाळवा, तेल द्या, मगच लावा, अन् परत देताना पण तसंच करून द्या. त्यांना वाईट वाटेल म्हणून टाळू नका.

आता बाहेर मंडपात मशीन लावून बघू. ज्यांनी कुत्रे आणलेत त्यांनी आधी त्यांना फिरवून, पाणी पाजून आणा, अन् म्हैस जिथे बांधली आहे त्या बाजूने आणू नका, ती नवीन जागी आहे, बिथरेल.