सिल्व्हिया: मद्रासहून सापडलेला ठिपका

मागच्या रांगेत बसलेल्यांना पडद्यावरचा हा ठिपका दिसतोय का? नसेल दिसत तर वाईट वाटून घेऊ नका, दुर्बिणीतूनही तो एवढाच दिसतो. बाराव्या प्रतीच्या आसपासचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद), शेजारच्या ताऱ्यांत बेमालूम मिसळून गेलेला. याचं नाव ८७ सिल्व्हिया. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहपट्ट्यातल्या सगळ्यांत मोठ्या दहाबारा लघुग्रहांपैकी हा एक. आणि तो सापडला आपल्या देशातून, मद्रास वेधशाळेतून, १६ मे १८६६ रोजी.

शोधणारे नॉर्मन पॉगसन. मूळचे नॉटिंगहॅमचे. ‘बाराव्या प्रतीचा’ असं मी आत्ता सहज बोलून गेलो ना, ती प्रत मोजायची पट्टीही याच माणसाची. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा शंभरपट तेजस्वी धरायचा, म्हणजे दर पायरीला साधारण अडीचपट, हे गणित त्यांनी १८५६ साली मांडलं. आजही जगभर तेच चालतं. १८६१ मध्ये ते मद्रासला आले आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्यांना एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला पहिलाच, म्हणून त्याचं नाव आशिया. पुढे १८९१ मध्ये मद्रासलाच वारले. तीस वर्षांत तिथून पाच नवे लघुग्रह: आशिया, सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि व्हेरा. त्याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी नावाचे मदतनीस होते. त्यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा, म्हणजे तेज कमीजास्त होणारा तारा, शोधून काढला. त्यांच्यावर खरं तर एक वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

तेव्हा लघुग्रह शोधायचा म्हणजे काय करायचं? फोटोग्राफी या कामाला अजून जुंपली नव्हती. मॅक्स वोल्फ यांनी फोटोच्या काचेवर पहिला नवा लघुग्रह पकडला तो १८९१ च्या डिसेंबरात, पॉगसन गेले त्याच वर्षी. त्याआधी सगळा मामला डोळ्यांचा. आकाशाच्या एका तुकड्यातले सगळे तारे नकाशावर मांडायचे, पुन्हा पुन्हा ताडून बघायचे आणि नकाशात नसलेला पाहुणा दिसला की दुसऱ्या रात्री तो हलला का ते पाहायचं.

मी स्वतः हे एकदा करून बघितलंय, वांगणीला, आठ इंची दुर्बिणीवर. कागदावर पेन्सिलीने वर्तुळ काढलं आणि दृष्टिक्षेत्रातले तारे एकेक करून टिंबांनी मांडले. एकवीस टिंबं झाली. दुसऱ्या रात्री वीस जागच्या जागी आणि एक सरकलेलं. पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश, बस्स. आनंदाने मी ओरडलो तर शेजारच्या शेडमधलं कुत्रं भुंकायला लागलं. पण माझ्या खिशात त्या रात्रीच्या जागेचा छापील तक्ता होता. पॉगसनसाहेबांकडे तो कुठून असणार? आणि तेही मद्रासच्या मे महिन्यात!

पुढची १३५ वर्षं सिल्व्हियाबद्दल आपल्याला बेताचंच कळलं. सूर्याभोवती एक फेरी साडेसहा वर्षांत. सूर्यापासून सरासरी अंतर पृथ्वीच्या साडेतीनपट, म्हणजे पट्ट्यातल्या मुख्य गर्दीच्या पलीकडे, बाहेरच्या कडेला. रंग जवळजवळ काळा, नव्या डांबरी रस्त्यासारखा. पडलेल्या प्रकाशातला चार टक्क्यांच्या आसपासच परत येतो. स्वतःभोवती गिरकी मात्र सव्वापाच तासांच्या आत. आकार बटाट्यासारखा लांबट. लांबी ३६० किलोमीटरच्या घरात, म्हणजे मुंबईहून सोलापूरला सरळ दोरी धरली तर जेवढी लागेल तेवढी. पण वजन? ठिपक्याला तराजूत कसं घालणार?

तराजू मिळाला फेब्रुवारी २००१ मध्ये. हवाईच्या केक दुर्बिणीतून मायकेल ब्राउन आणि ज्याँ-लुक मार्गो यांना सिल्व्हियाचा एक चंद्र दिसला. हे ब्राउन म्हणजे पुढे ज्यांच्या शोधामुळे प्लूटोची ग्रहपदावरून उचलबांगडी झाली तेच. मग फ्रँक मार्शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चिलीतल्या ८.२ मीटरच्या दुर्बिणीतून दुसरा चंद्र सापडला. २००५ च्या ऑगस्टमध्ये तो जाहीर झाला. दोन चंद्र असलेला माहीत झालेला हा पहिला लघुग्रह. रोमन कथेत रिया सिल्व्हिया ही रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांची आई, त्यामुळे बारशाला डोकं खाजवावं लागलं नाही.

आता फळ्याकडे बघा. रोम्युलस सुमारे १,३६० किलोमीटरवरून फिरतो, एका फेरीला ३.६५ दिवस. केप्लरचा तिसरा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलाय. अंतराचा घन, भागिले काळाचा वर्ग. त्याला चार पाय वर्गने गुणा, गुरुत्वस्थिरांकाने भागा. उत्तर येतं साधारण १.५ गुणिले दहाचा एकोणिसावा घात किलोग्रॅम. आपल्या चंद्राच्या पाच हजारांव्या हिश्शाइतकं. या वस्तुमानाला घनफळाने भागलं की घनता येते पाण्याच्या १.४ पट.

इथे जरा थांबू. आपला बसाल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. मग हे १.४ कसलं? एक शक्यता अशी की आत बर्फ असावा. दुसरी म्हणजे आत बऱ्याच पोकळ्या आहेत. खडी क्रशरच्या बाहेर रचलेला ढीग आठवा, दगड आणि मधली हवा. बहुधा दोन्ही थोडंथोडं खरं असेल. एखाद्या जुन्या टकरीत मूळ गोळा फुटला, तुकडे पुन्हा एकत्र आले आणि उरलेल्या चुऱ्यातून हे दोन चंद्र जमले, असं मानलं जातं. मला गंमत वाटते ती पुढची: पॉगसनना १८६८ मध्ये मद्रासहूनच सापडलेल्या कॅमिलालाही दोन चंद्र निघाले!

६ जानेवारी २०१३ ला सिल्व्हिया एका ताऱ्याच्या समोरून गेला. युरोपातले हौशी निरीक्षक आपापल्या दुर्बिणी घेऊन सावलीच्या पट्ट्यात बसले होते. काहींच्या नोंदीत तारा रोम्युलसमुळेही क्षणभर विझला. ते क्षण जुळवून रोम्युलसचा आकार मिळाला, वीस किलोमीटरच्या थोडा वर.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: पॉगसनना हे चंद्र दिसू शकले असते का? रोम्युलसचा उजेड सिल्व्हियाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. पॉगसनच्याच पट्टीने पाच प्रतींहून जास्त फरक, म्हणजे सतराव्या प्रतीच्याही खाली. शिवाय दोघांमधलं अंतर आकाशात एवढंसं, सहा किलोमीटरवर धरलेल्या रुपयाच्या नाण्याइतकं. मद्रासच्या त्या दुर्बिणीतून नाही, ताई. आणि वांगणीच्या माझ्या दुर्बिणीतूनही नाही.