चौदा आणे तयार

(दृश्य: एप्रिलची सकाळ. रत्नागिरीजवळ कातळावरची हापूसची बाग.)

निवेदन:
हापूस झाडावर पिकू देत नाहीत. चौदा आणे, म्हणजे साधारण ८५ टक्के तयार झाला की उतरवायचा. घाई केली तर आढीत, म्हणजे गवतात पिकायला घातल्यावर, सुरकुततो, आंबट राहतो. फार थांबलं तर साक्याची भीती: वरून देखणा, कापला की गरात पांढरट, भुसभुशीत ठिगळ.

नव्या गड्याला हे चौदा आणे सांगायचे कसे? खांदे भरलेले हवेत, देठाशी खळगा हवा, हिरवा रंग फिकटलेला हवा. एवढं पाठ व्हायला वेळ लागत नाही. पण झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन कलमाखाली उभं राहिलं की सगळ्याच आंब्यांचे खांदे भरलेले दिसतात! दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला फळ देठासकट उतरवतो. कुठलं उतरवायचं, ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.

(दृश्य: गोणपाटावर आंब्यांच्या जोड्या.)

बागेतले जुने काका म्हणूनच आधी आंबे मांडतात. एकाच कलमाचे, एकाच आकाराचे दोन. एकाचे खांदे देठापासून उतरते, दुसऱ्याचे देठाच्या वर आलेले.

"खांदे बघ रे. मोठा दिसतो म्हणून तयार असं नाय."

कोवळी कैरी आणि पिकला आंबा शेजारी ठेवून काय शिकणार? तो फरक पोरांनाही दिसतो. नजर तयार होते ती बारा आणे आणि चौदा आणे शेजारी ठेवल्यावर.

मग काका सगळे आंबे एकत्र कालवतात. २००८ साली कॉर्नेल आणि बियॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी १२ चित्रकारांची निसर्गचित्रं लोकांना दाखवली, काहींची एकापाठोपाठ सलग, काहींची इतरांत सरमिसळ करून. नवं चित्र कुणाचं हे सरमिसळ करून दाखवलेल्या चित्रकारांच्या बाबतीत जास्त ओळखता आलं. गंमत म्हणजे बहुतेकांना सलग पाहूनच चांगलं कळलं असं वाटत होतं.

(दृश्य: पाण्याने भरलेली बादली.)

तयार आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. काकांची अट एकच: आधी बोलायचं, मग सोडायचा.

"बुडंल."

तरंगला. गडी तोच आंबा उचलून पुन्हा खांदे बघतो. काका चिडत नाहीत, देठाशी बोट ठेवतात: "हे बघ, इथे सपाट आहे अजून."

"डोळे आहेत की बटणं?" असं म्हणणारेही बागांत कमी नाहीत. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली कामाबद्दल दिलेल्या शेऱ्यांवरचे शेकडो निष्कर्ष तपासले. सरासरी फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी काम उलट बिघडलं होतं. शेरा कामावरून माणसावर घसरला की त्याचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं.

बादलीलाही सगळं कळत नाही. जास्त तयार झालेला आंबाही बुडतोच, आणि साका कापल्याशिवाय दिसत नाही. ते उत्तर आढीतून यायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर कुठला आंबा काय बघून काढला, कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून काही फळांवर चिठ्ठी चिकटवतात: कुणी काढला, किती आणे वाटला. पिकल्यावर ती फळं सगळ्यांसमोर कापायची. साका काकांच्या चिठ्ठीखाली निघाला, तर गडी पुढचे दोन दिवस त्यांना तो विसरू देत नाहीत.