रेघ किती जाड असते?

आधी एक विचारतो, पट्टी नीट लावली, गुण्या नीट धरला, रेघेवरनंच कापलं आणि तरी जोड ढिला बसला असं किती जणांचं झालंय? बघा, अर्धे हात वर. माझाही. माझा पहिला ड्रॉवर कागदावर एकदम करेक्ट होता, कपाटात घातला की खुळखुळ्यासारखा वाजायचा. सुताराची ती चपटी पेन्सिल असते ना, टोक जरा बोथट झालं की रेघ सहज १ मिलिमीटर जाड येते, मी फळीच्या एका टोकाला रेघेच्या आतून कापलं, दुसऱ्या टोकालाही आतून, गेले की २ मिलिमीटर.

पेन्सिलीला नावं ठेवत नाहीये हां. चपटी म्हणून घरंगळत नाही, शिसं जाड म्हणून खरबरीत फळीवर तुटत नाही, प्लायवूडचे मोठे तुकडे पाडायला तीच बरी. जुने सुतार माप सुतात सांगतात, इंचाचे ८ सूत, म्हणजे एक सूत ३ मिलिमीटरच्या किंचित वर, तेवढ्या कामाला ती पुरते. पण कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारं टोक, काढायचं असेल तर सुरी घ्या.

हा सागाचा तुकडा बघा, जवळ या जरा. गुण्या कडेला घट्ट दाबला, सुरीची सपाट बाजू त्याच्या पात्याला चिकटवली, उतरती बाजू टाकाऊ भागाकडे. पहिला हात हलका, नुसता ओरखडा, कारण पहिल्याच फटक्यात जोर लावला की सुरी लाकडाच्या रेषांमागे पळते. दुसरा हात जोरात. आता पटाशी, ही सपाट धारेची छिन्नी, टेकवतो... बसली, ऐकलंत? खाचेतच अडकते, डोळे मिटून केलं तरी. शिसमसारख्या काळपट लाकडावर मात्र ही खाच दिसतच नाही, तिथे वरनं पांढरी पेन्सिल फिरवायची.

मार्किंग गेजचं, म्हणजे कडेला समांतर रेघ ओढायच्या अवजाराचं पण तेच, खिळ्यावाला गेज रेषांना आडवा ओढला की लाकूड फाटतं, चाकवाला कापत जातो. खिळ्यावालाच असेल तर कानस घेऊन टोक सुरीसारखं चपटं करा, पैसे वाचतील.

बॉलपेन कृपा करून नको. पॉलिशचं थिनर लागलं की शाई पसरते, मग बसा घासत.

आणि गुण्या दुकानातच तपासा. सरळ कडेवरनं रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारा, दोन्ही फाकल्या तर ठेवा परत, कारण जेवढा फाक दिसतो त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

सुरी कुठली घेऊ म्हणताय? माझी ही घरीच केलीय, मशीनच्या हॅक्सॉचं तुटलेलं जाड पातं घासून, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलीय. फिरवा सगळ्यांत, फक्त धारेला बोट लावून बघू नका, मगाशी एकाने बघितलंय.