पानगळीतलं गौताळा

(दृश्य: संभाजीनगर–कन्नड रस्ता, सकाळ. उसाच्या ट्रॉल्या, पिवळी पडलेली गव्हाची वावरं.)

श्रावणातल्या एखाद्या रविवारी कन्नडच्या वाटेला लागून पाहा. निम्मं संभाजीनगर तुमच्या पुढं असतं आणि उरलेलं मागं. सगळ्यांना धबधबा पाहायचा असतो, त्याच्यासमोर फोटो काढायचा असतो, आणि येताना गरम भजी खायची असतात. फाल्गुन लागला की या गर्दीतलं कुणी इकडं फिरकत नाही. "आता काय ठेवलंय तिथं? नुसता पाचोळा," म्हणतात.

आज आपण गौताळ्याच्या जंगलातला तो पाचोळाच पाहायला निघालोय.

दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ मागं टाकलं की कन्नड. शहरापासून साधारण साठेक किलोमीटर. वाटेत पेरूच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया, अद्रकाची वावरं, आणि कारखान्याकडं निघालेला ऊस. ट्रॉलीच्या मागं अडकलात तर तिथंच अर्धा तास जातो, म्हणून घरून पहाटे निघालेलं बरं. ऊनही नंतर चढतं.

(दृश्य: अभयारण्याचं फाटक. आतला मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना उघडी झाडं.)

कन्नडहून हिवरखेड्याच्या अंगानं आत शिरलं की गौताळा औट्रमघाट अभयारण्य सुरू होतं. १९८६ साली जाहीर झालेलं, साधारण २६० चौरस किलोमीटरचं. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेवर ते बसलंय. एक अंग कन्नड तालुक्यात, दुसरं घाट उतरून जळगाव जिल्ह्यात चाळीसगावकडं. रांगेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस गोदावरीला मिळतो आणि उत्तरेला पडलेला तापीला. औट्रम म्हणजे जेम्स औट्रम. खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा हा इंग्रज अधिकारी. त्याचं नाव घाटाला चिकटलं ते चिकटलंच. गौताळा हे नाव मात्र गौतम ऋषींचं. त्यांनी इथं तप केलं अशी श्रद्धा आहे, आणि डोंगरावर त्यांचं मंदिरही आहे.

फाटकापाशी चारपाच माणसं रस्त्याच्या कडेचा पाला ओढून बाजूला करत होती. कॅमेरा पाहून त्यातल्या एका वयस्क मजुरानं विचारलंच, "काय पाह्यला आले दादा?" पानगळ पाहायला, असं सांगितल्यावर तो शेजारच्याकडं बघून हसला. "मंग बरोबर टायमाला आले. पानं लई हायत. घेऊन जा पोत्यात भरून."

मामांची थट्टा चालू असली तरी काम गंमतीचं नव्हतं. त्याकडं आपण परत येऊच.

(दृश्य: धावड्याच्या फांद्या, तांबूस पानं. मग सागाची पानं जवळून.)

काश्मीरचा चिनार ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाल होतो. तो पाहायला आपल्याकडची मंडळी विमानाची तिकिटं काढून जातात. जावं, जरूर जावं. पण तिकडं पान गळतं ते दिवस लहान होत जातो आणि थंडी वाढते म्हणून. मराठवाड्यात थंडीचा धाक तेवढा नाही. इथं झाडाला धाक आहे तो पाण्याचा. पाऊस चार महिने, त्यातही मधे मोठे खंड, आणि पुढं आठ महिने जमिनीत मुरलंय तेवढ्यावर काढायचे. पानाच्या खालच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाण्याची वाफ सतत बाहेर जात राहते. पौष-माघात वरचा मुरूम कोरडा पडायला लागला की अंगभर पानं सांभाळणं झाडाला परवडत नाही.

मग ते पानं टाकतं. पण सहजासहजी नाही. आधी पानातला हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, मोडलं जातं. त्यातलं नत्र आणि स्फुरद झाड माघारी ओढून फांदीत, खोडात साठवतं. हिरवा गेल्यावर जो पिवळा दिसतो तो नव्यानं आलेला नसतो. तो आधीपासून पानातच होता, हिरव्याखाली दबलेला. लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो बऱ्याचदा झाड जाता जाता तयार करतं. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होतो, फांदीकडच्या बाजूनं जखम बुजते, आणि नंतर वाऱ्याची एक झुळूक पुरते. सकाळी कोवळ्या उन्हात उभं राहिलात तर वारा पडलेला असतानाही पानं उतरताना दिसतात.

समोर तांब्याच्या रंगाचा दिसतोय तो धावडा. त्याची पानं हिवाळ्यातच रंग बदलायला लागतात, आणि मागं ऊन असेल तर अख्खं झाड पेटल्यासारखं दिसतं. मोई पिवळी होते आणि लगेच मोकळी. सालईची पानंही गेली, पण तिच्याकडं पाहायचं ते खोडासाठी. हिरवट-राखाडी साल कागदासारखी पातळ सोलून येते, आणि चीर पडली असेल तिथं डिंकाचा वास येतो. धुपात घालतात तोच.

सागाचं पान हातात घ्या. हातभर लांब, वरून पापडासारखं खरखरीत. यातली बरीच पानं झाडावर असतानाच अळ्यांनी खाल्लेली आहेत. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी ही अळी पानातला हिरवा गर खाते आणि शिरा तेवढ्या सोडते. उरते ती जाळी. सूर्यासमोर धरली तर मधली जाड शीर, तिच्यातून फुटलेल्या आडव्या शिरा, त्यांच्यामधले चौकोन, त्या चौकोनांत आणखी बारीक चौकोन. जिवंत पानात पाणी कोणकोणत्या वाटांनी फिरत होतं त्याचा नकाशाच समोर येतो. कॅमेरेवाल्यानं या एका पानावर बराच वेळ घालवला आणि आम्ही त्याला घालू दिला.

(दृश्य: कातळावर उभा अंजन. मुळं दगडाच्या फटीत.)

या जंगलात एका झाडाला मात्र खास भेटायचं असतं. अंजन. जिथं माती जवळजवळ नाहीच, नुसता कातळ आणि मुरूम आहे, तिथंही तो उभा. त्याची मुळं दगडाच्या फटी शोधत खाली उतरतात. लाकूड इतकं जड, की भारतातल्या सगळ्यात वजनदार लाकडांत त्याचा नंबर लागतो. पान मात्र अगदी नाजूक. दोन छोट्या पाकळ्या बुडाशी जोडलेल्या. चाऱ्यासाठी याच्या फांद्या छाटायची जुनी रीत आहे, म्हणून जंगलाबाहेरचे अंजन बहुतेक मुंडके छाटलेलेच दिसतात. थंडी सरताना तोही पानं टाकतो, पण उघडा फार दिवस राहत नाही. चैत्राच्या सुमाराला लालसर कोवळी पालवी येते. पाऊस यायला अजून दोन महिने असतात, आणि हा पठ्ठ्या नवी पानं काढून मोकळा.

(ध्वनी: पाचोळ्यात खसफस. निवेदन काही क्षण थांबतं.)

हा आवाज ऐकलात? पानगळीत डोळ्यांच्या आधी कान कामाला लागतात. पावसाळ्यात बिबट्या दहा हातांवरून गेला तरी कळायचं नाही. आता साधी सरड्याची पळापळही लपत नाही. हा गोंधळ आहे सातभाईंचा. मातकट रंगाचे, सात-आठच्या टोळक्यानं फिरणारे, कायम भांडल्यासारखे बोलणारे. एक पान चोचीत धरायचं, उलटं करून बाजूला टाकायचं, खाली किडा मिळाला तर ठीक, नाही तर पुढचं पान. एक जण जरा उंचावर बसून राखण करतो. बाकीचे निवांत पानं पलटत असतात, जणू तलाठ्याच्या कार्यालयात जुन्या फायली चाळताहेत.

बिबट्या, अस्वल, नीलगाय, रानडुक्कर, चौशिंगा, सगळे इथं आहेत. एका दिवसाच्या फेरीत त्यातलं काय दिसेल याची खात्री कुणी देऊ नये. २०२१ साली तर विदर्भातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ चालत चालत इथं पोचला आणि वन विभागाच्या कॅमेऱ्यात टिपला गेला. मधे शेतं, रस्ते, गावं. कुणाच्या लक्षात न येता त्यानं एवढा मराठवाडा कसा ओलांडला, याचं आम्हाला जास्त नवल वाटतं.

(दृश्य: सीता न्हाणीचा कोरडा कडा. मग पितळखोऱ्याच्या पायऱ्या.)

सीता न्हाणीच्या धबधब्याला आता पाणी नाही. पावसाळ्यात ज्याच्या पुढ्यात उभं राहायला जागा नसते, तो कडा आज पूर्ण उघडा आहे. नीट पाहा, कड्याला थर आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास इथं लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. एकेक पायरी म्हणजे एकेक प्रवाह. दख्खनच्या डोंगरात दोन थरांच्या मधे कुठं कुठं तांबड्या मातीचा पट्टाही सापडतो. गवत आणि वेली असल्या की यातलं काहीच दिसत नाही.

गाडी इथून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडं न्यावी. कन्नडहून हा फाटा वेगळा, वीसेक किलोमीटरचा. वर पठार, आणि अचानक जमीन फाटून खाली घळ. पायऱ्या उतरत जायचं. वेरूळ-अजिंठ्याच्या गर्दीत या लेण्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. वास्तविक इथलं कोरीव काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालं, म्हणजे वेरूळच्या कितीतरी आधी. दाराशी भाला-ढाल घेतलेले द्वारपाल आहेत, हत्तींची रांग आहे. दगड इथला ठिसूळ, त्यामुळं बरंच काही ढासळलंय. इथं सापडलेली यक्षाची एक मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर घडवणाऱ्यानं नाव कोरलंय: कान्हदास, व्यवसायानं सोनार.

आणखी एक नाव इथं खांबावर आहे. प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा मित्रदेव. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला. त्यानं या लेण्यासाठी दान दिलं. पैठणचा अत्तरवाला सातमाळ्याच्या या घळीत दान का देतो? कारण पैठणहून उत्तरेकडं जाणारा माल याच डोंगरांतल्या वाटांनी घाट उतरत होता. पावसाळ्यात घळीच्या पलीकडची लेणी झाडीत बुडतात. आज या काठावरून ती सरळ दिसतात, आणि दरीतून येणारी वाटही. बैल कुठून चढत असतील याचा अंदाज बसल्या जागी बांधता येतो.

दुपारी इथंच एका सावलीत डबे उघडले. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. पाणी माणशी तीन लिटर तरी न्या, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका. आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका. ती तुमच्यापेक्षा चपळ आहेत.

(दृश्य: जाळरेषा. झाडून साफ केलेला पट्टा, एका बाजूला पाचोळा.)

आता फाटकावरच्या मामांचं काम. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाच्या लेखी आगीचा हंगाम. त्याआधीपासून जंगलात पट्टे साफ केले जातात. पाचोळा, गवत काढून उघडी जमीन ठेवायची, म्हणजे आग आलीच तर तिथं अडते. याला जाळरेषा म्हणतात. पाचोळा म्हणजे तसं जमिनीचं पांघरूण. ओल धरतो, वाळवी त्याची माती करते, पहिल्या पावसात बी त्याच्याखाली रुजतं. पण तोच पेटला तर बियांसकट सगळं जातं. आणि वणवा आपोआप लागल्याचं क्वचितच घडतं. कुणी मोहाची फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतं, कुणी पावसात गवत चांगलं फुटेल म्हणून काडी लावतं. आणि कुणी शहरातून आलेला शहाणा बिडी-सिगारेटचं थोटूक गाडीतून बाहेर फेकतो. मामांनी एका जळलेल्या टेकाडाकडं बोट केलं. "येक काडी. आन् आमची रात गेली." फांद्यांच्या झाडूनं झोडपत झोडपत विझवली म्हणे. धुरानं दोन दिवस डोळे सुजलेले.

म्हणून आत जाताना काडीपेटी गाडीतसुद्धा नको. चूल, शेकोटी, पार्टी यांचा तर विषयच सोडा.

(दृश्य: अभयारण्याबाहेर, शेताच्या बांधावर फुललेले पळस.)

पळसाला पाने तीनच, कुठंही जा. पण फाल्गुनात तीही नसतात. काळ्याभोर, मखमली कळ्यांच्या झुपक्यांतून केशरी फुलं फुटतात, आणि पानांचा आडोसा नसल्यानं लांबून पाखरांना दिसतात. वास नाही, पण मध भरपूर. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर दिवसभर ये-जा करतात, आणि खारीही यात हात मारून घेतात.

अभयारण्यातलं पडलेलं फूलही उचलून आणायचं नाही, नियम तसा आहे आणि तो बरोबर आहे. पण परतीच्या वाटेवर बांधाबांधानं पळस उभा असतो. एका शेतात गव्हाची सोंगणी चालू होती. विचारलं, तर तिथल्या आजी म्हणाल्या, "न्या की, खाली पडलेलीच न्या. वरची पाखरांला राहू द्या." रंगपंचमीचा रंग त्यांच्याकडं अजून याच फुलांचा होतो. सावलीत सुकवायची, आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायची, सकाळी एक उकळी द्यायची आणि गाळून घ्यायचं. चुन्याची निवळी थोडी टाकली की पिवळा रंग केशरीकडं झुकतो. जास्त टाकू नका, अंगाला चुरचुरतं.